पंतांचं पाणी

नोव्हेंबरात एक सकाळ अशी येते की घरात आधी वास येतो आणि मग ऊब. उन्हाळाभर गप्प असलेला हीटर सुरू होतो, त्याच्या नळ्यांतली धूळ जळते आणि करपलेल्या कापडासारखा वास खोल्याखोल्यांतून फिरतो. इथे कॅरीत, अमेरिकेच्या उबदार दक्षिणेत, तो जरा उशिरा येतो. आधी राहायचो त्या पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात दसरा झाला की यायचाच. समीर दरवर्षी म्हणतो, "फिल्टर चेंज करायला हवा." मी दरवर्षी हो म्हणते आणि हातातलं काम तसंच टाकून कान देऊन उभी राहते. बायको मधेच अशी का उभी राहते हे त्याला आता विचारावं लागत नाही. तो फिल्टरचा विषय सोडून चहाचं आधण ठेवतो.

त्या वासामागून माझ्याकडे एक अख्खा हिवाळा येतो, दोन हजार चारचा. हिवाळा म्हटलं की लोकांना बर्फ आठवतो. मला कोरडेपणा आठवतो, घराच्या आतला.

मी चिपळूणची. कोरडं म्हणजे काय हे मला लग्नापर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे चार महिने काडेपेटी पेटत नाही, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकावे लागतात, आणि कपाटात ठेवलेल्या चपलांवर हिरवी बुरशी चढते. ओलीला शिव्या देतच आम्ही मोठे झालो. मग अमेरिकेत आले आणि पहिल्याच हिवाळ्यात ओठ फाटले, टाचा उलल्या, स्वेटर काढताना केस उभे राहून तडतडायला लागले. नाकातून रक्त आलं तेव्हा घाबरून आईला फोन केला. ती म्हणाली, "उष्णता झाली असेल गं, सब्जा घे." खिडकीबाहेर तेव्हा बर्फ पडत होता.

विद्यापीठाच्या बसच्या रस्त्यावर आमचं दोन बेडरूमचं अपार्टमेंट होतं. एक खोली आमची, दुसरी अनिरुद्धची. अनिरुद्ध नागपूरचा, समीरच्याच डिपार्टमेंटला पीएचडी करत होता. मला वहिनी म्हणायचा. माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती, त्यामुळे दिवसभर मी एकटीच घरी असायची. राहायला गेल्या गेल्या तो मला म्हणाला, "वहिनी, एक सांगू? पॅनिक होऊ नका हां. या घरात आपण चौघं आहोत."

"चौथा कोण?"

त्याने खोलीचं दार उघडलं. खिडकीशी माणसाच्या छातीइतका उंच, जाळीचा पिंजरा होता. आत मनीप्लांटचे वेल आणि एक जास्वंद. बराच वेळ मला त्यात काहीच दिसलं नाही. मग पानांतलं एक पान डोळा फिरवून माझ्याकडे बघायला लागलं.

"घोयरा!" मी किंचाळले. आमच्याकडे झाडावर घोयरा, म्हणजे रंग बदलणारा सरडा, दिसला की माणसं दगड शोधतात. त्याच्या नुसत्या फुंकरीनं माणूस आंधळा होतो असं आजोळी सगळे सांगायचे.

"हा येमेनकडचा कमेलिऑन आहे, वहिनी. कोकणातले आरोप याला लागू नाहीत," अनिरुद्ध म्हणाला. गाव सोडून जाणाऱ्या कुणा विद्यार्थ्याने तो त्याला दिला होता. डोक्यावर पगडीसारखा उंच तुरा, आणि चाल अशी की पाय उचलायचा, हवेत धरून विचार करायचा, मागे घ्यायचा, पुन्हा पुढे करायचा, मग कुठे टेकवायचा. मी दोन दिवस बघितलं आणि म्हटलं, हे तर पंत आहेत. तेव्हापासून तो पंत झाला, आणि अनिरुद्धसुद्धा त्याला अहोजाहो करायला लागला.

पंतांची पाण्याची तऱ्हा निराळी. वाटीतलं पाणी त्यांना पाणी म्हणून दिसतच नाही. साचलेल्याकडे ढुंकून बघणार नाहीत. पानावर थेंब लोंबला, हलला, चमकला, की मग जीभ लावणार. आणि नुसतं पिण्यापुरतं पाणी पुरत नाही, भोवतालच्या हवेतही ओल लागते. ती नसली की कात नीट सुटत नाही, डोळे खोल जातात. पिंजऱ्याच्या जाळीवर अनिरुद्धनं आर्द्रता दाखवणारी एक गोल तबकडी टांगली होती. खाली बादली, बादलीत पंप, पंपातून वर गेलेली बारीक नळी आणि छताला फवारा. हे सगळं भिंतीतल्या एका टायमरवर चालायचं. पांढरी गोल चकती, घड्याळासारखी सावकाश फिरणारी. तिच्या कडेला छोट्या छोट्या खुंट्या. जी खुंटी दाबाल तेवढा वेळ पंप सुरू. अनिरुद्धने काही खुंट्या सकाळच्या दाबल्या होत्या, काही संध्याकाळच्या. दिवस उजाडता उजाडता त्याच्या खोलीत 'टक्' व्हायचं, पंप गुणगुणायचा आणि पानांवर बारीक पाऊस पडायचा. झोपेत तो आवाज आला की वाटायचं, अनिरुद्ध उठला. तो खरं तर डोक्यावर पांघरूण घेऊन झोपलेला असायचा, पण आवाजाशी त्याचं उठणं माझ्या डोक्यात कायमचं जोडलं गेलं.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तो मित्राबरोबर गाडीने निघाला. जाताना बादली काठोकाठ भरली, मला म्हणाला, "पंतांकडे फक्त बघायचं. बाकी सगळं ऑटोमॅटिक आहे." परत येताना एका पुलावर बर्फाचा न दिसणारा थर होता. गाडी चालवणारा मित्र वाचला, अनिरुद्ध वाचला नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही.

ती रात्र फोनांत गेली. उजाडलं तेव्हा समीर आणि मी स्वयंपाकघरात नुसते बसून होतो. आणि त्याच्या बंद खोलीत 'टक्' झालं. पंप गुणगुणायला लागला. समीर ताडकन उठला, दारापर्यंत गेला, मुठीवर हात ठेवला आणि तसाच थांबला. मग वळून माझ्याकडे न बघता म्हणाला, "टायमर आहे." मला माहीत होतं टायमर आहे. तरी अंगावर आलेला काटा बराच वेळ गेला नाही. तो काटा दरवर्षी हीटरच्या वासाबरोबर येतो. भीती म्हणावी तर ती नव्हे. कुणीतरी आहे आणि आपण दार उघडलं तर ते नसेल, असं काहीतरी.

त्याची आई, मंदाकाकू, नागपूरहून एकट्याच आल्या. अनिरुद्धचे वडील तो कॉलेजात असतानाच गेले होते. अंत्यविधी इथेच करायचे हे काकूंनीच ठरवलं, आणि तो सगळा वेळ त्या इतक्या शांत होत्या की आम्हालाच त्यांच्याकडे बघवेना. एक टिपूस नाही. सगळं उरकल्यावर म्हणाल्या, "त्याची खोली आवरते अन् जाते." पण आवरायला काही घेतलंच नाही. त्याच खोलीत झोपायला लागल्या, त्याचं मरून रंगाचं जॅकेट साडीवर घालून दिवसभर बसायला लागल्या.

पहिल्यांदा त्या खोलीत जाताना दाराच्या मुठीला त्यांचा हात लागला आणि फट्कन ठिणगी बसली. कोरड्या हवेत इथे सगळ्यांनाच बसते. मी म्हटलं, "काकू, ते स्टॅटिक आहे, थंडीत होतं." काकू आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मला वाटलं त्यानं हात झटकला." मग पुढे रोज त्या मुठीला आधी एक बोट लावायच्या, ठिणगी बसू द्यायच्या आणि मगच दार उघडायच्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या घाईघाईनं बाहेर आल्या. "मेधा, आत काय सुरू झालं गं?"

मी आत जाऊन सगळं दाखवलं. बादली, नळी, चकती, खुंट्या.

"म्हणजे हे अनीनं लावलेलं?"

"हो."

"या दबलेल्या, त्या त्यानं दाबल्या?"

"हो, काकू."

त्यांनी त्या दबलेल्या खुंट्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "याला कोणी हात नाही लावायचा." आवाज शाळेतल्या बाईंसारखा होता, त्या खरंच शाळेत शिकवायच्या. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ त्या पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायच्या. 'टक्' व्हायचं, पाणी पडायचं, पंत जीभ लावायचे, काकू बघायच्या. पंतांचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. "एक माझ्यावर असते," काकू म्हणायच्या, "अन् एक दाराकडे." जॅकेटची बाही जाळीजवळ गेली की पंत पाय उचलून पुढे यायचे. मी गेले की काळे पडायचे. कुणी हातात फवाऱ्याची बाटली घेतली तर फुगून, फिस्कारून पानांमागे जायचे आणि थेंबही प्यायचे नाहीत. अनिरुद्धखेरीज कुणाच्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं, आणि अनिरुद्धचं पाणी आता त्या चकतीतून येत होतं.

खोलीच्या कोपऱ्यात पंतांच्या खाण्यासाठी आणलेल्या रातकिड्यांचा डबा होता. बाहेर सगळं गोठलेलं आणि आत रातकिडे किरकिरताहेत. संध्याकाळी चुकून डोळा लागला तर उठताना मला वाटायचं, चिपळूणच्या पडवीत आहे. मग हीटरचा कोरडा झोत तोंडावर यायचा.

डिसेंबर चढला तसा हीटर थांबेनासा झाला. अनिरुद्धनं खुंट्या दाबल्या होत्या त्या खिडक्या उघड्या असतानाच्या हवेसाठी. आता तबकडीचा काटा डावीकडे जाऊन निजला. पंतांचे डोळे खोबणीत आत गेले, पायांवर जुनी कात वाळून अडकली. समीरनं इंटरनेटवर वाचून सांगितलं, "मिस्टिंग वाढवायला लागेल. टायमर थोडा अॅडजस्ट केला की झालं."

"नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, सिंपल आहे, मी नवा डिजिटल टायमर आणतो. हा तुम्ही आठवण म्हणून ठेवा."

"ठेवून काय करू रे? चालू नसला तर नुसतं प्लॅस्टिक आहे ते."

पंत गेले असते तर त्या खोलीतला शेवटचा श्वास गेला असता. खुंट्या हलवल्या असत्या तर अनिरुद्धच्या बोटांनी केलेलं, अजून चालू असलेलं शेवटचं काम पुसलं गेलं असतं. काकूंना दोन्ही हवं होतं. का नको असेल?

मग काकूंनी नागपूरचा उपाय काढला. "मे महिन्यात आम्ही काय करतो? कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजवतो. इथं कोरडं काऊन राहू द्यायचं?" वाळा नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या दोन सुती साड्या भिजवल्या आणि पिंजऱ्याभोवती गुंडाळल्या. वाळल्या की पुन्हा भिजवायच्या. मी त्यात माझी भर घातली. हीटरच्या झोतापाशी पातेल्यात पाणी ठेवलं, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल सारला. बघता बघता काचा घामेजल्या. खोलीला दमट कपड्यांचा वास यायला लागला, आणि खरं सांगते, मला तो इतका आवडला की मी कारण नसताना आत जाऊन उभी राहायची. एक नागपूरची आणि एक चिपळूणची अशा दोन बायकांनी मिळून पेनसिल्व्हेनियात आषाढ उभा केला. काटा उजवीकडे गेला. पंतांची कात सुटली, डोळे वर आले. दाराच्या मुठीची ठिणगी मात्र बंद झाली. काकूंनी एका सकाळी बोट लावलं, थांबल्या, पुन्हा लावलं. "आता नाही झटकत," म्हणाल्या. त्या आवाजात समाधान होतं की दुसरं काही, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, दुसरं काही होतं.

एका गोष्टीचा आम्हा दोघींनाही विसर पडला. कूलरला पंखा असतो आणि समोरची खिडकी उघडी असते. आणि आमच्या कोकणातसुद्धा जरा उघडीप मिळाली की आई सगळ्या गाद्या अंगणात नेऊन टाकायची. ओल कुठे थांबू द्यायची नसते. हे आम्ही जन्मभर बघितलेलं, पण त्या बंद खोलीत ते आठवायची शुद्ध कुणाला होती? पंत मान वर करून, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसायला लागले. मधेच श्वासात बारीक 'चट्' असा आवाज. नाकाशी बुडबुडा.

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा पंत एका खोक्यात होते, खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली होती आणि खोकं काकूंच्या मांडीवर, त्या मरून जॅकेटच्या आत. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने पंतांच्या छातीवर दोन बोटं ठेवली, आम्ही काय काय केलं ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पिंजरा सुकतो कधी?

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "विचारतायत, दिवसातून कधी सुकतो का."

"सुकू कशाला द्यायचं?"

मी तेही इंग्रजीत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, ते राहतात तिथे सकाळी दव पडतं, मग ऊन येतं, वारा येतो, पानं कोरडी होतात. संध्याकाळी पुन्हा ओल. भिजवण्यात तुमचं काही चुकलेलं नाही. भिजवून झाकून ठेवलंत, त्यानं छातीत पाणी झालं. फवारा जास्त वेळ चालू द्या, पण सकाळी आणि संध्याकाळीच. मधल्या वेळात सगळं सुकलं पाहिजे. ज्याला सुकायला वेळ मिळत नाही ते सडतं, असं ती पानांबद्दल म्हणाली. मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. काकूंनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी पिंजऱ्यावरच्या साड्या काढल्या, पिळल्या आणि बाथरूममध्ये वाळत घातल्या. टायमरकडे बघितलं आणि जेवायला न येता पडून राहिल्या.

औषधाची इंजेक्शनं समीर द्यायचा. साड्या काढल्यावर हवा पुन्हा कोरडी पडली. त्या दिवसांत घरात सगळे हळू बोलायचे. मी काकूंना काही म्हणायला तोंड उघडायची आणि पोळ्या लाटायला लागायची. पिठाचा गोळासुद्धा तेव्हा झाकल्याशिवाय ठेवता येत नव्हता, मिनिटात वरून तडकायचा. खुंट्या हलवा असं त्यांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं, हे मला कळत होतं. म्हणून नाही सांगितलं.

मग जानेवारीत एका रात्री, संध्याकाळचं पाणी होऊन गेल्यावर, बर्फाच्या भारानं तारा तुटल्या आणि पाच-सहा तास वीज गेली. ती आली तेव्हा आम्ही ओव्हनचं घड्याळ लावलं, मायक्रोवेव्हचं लावलं. चकतीचा विचार कुणाच्या मनात आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू खुर्ची टाकून बसल्या. उजाडलं. ऊन पडलं. 'टक्' झालं नाही. त्यांनी मला हाक मारली ती अजून माझ्या कानात आहे. दोन महिन्यांत त्यांचा आवाज मी प्रथमच फाटलेला ऐकला. "मेधा, बंद पडलं गं. त्याचं बंद पडलं."

समीर लॅबमध्ये गेला होता. मी प्लग बघितला, चकती बघितली. चकती फिरत होती. "काकू, बंद नाही पडलं. वीज नव्हती तेवढा वेळ ते थांबलं होतं. मागे पडलंय, एवढंच." त्यांना पटलं नाही. त्या उठल्याच नाहीत. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. पानं कोरडी, पंत फांदीवर फिकट, काकूंचे हात जॅकेटच्या बाहीत. दुपारच्या जेवणाची वेळ होत आली तेव्हा 'टक्' झालं आणि पंप गुणगुणायला लागला.

काकूंनी श्वास सोडला. "एवढ्या उशिरा उठतात का रे," असं त्या पिंजऱ्याकडे बघून म्हणाल्या.

"रविवारी हीच वेळ असायची त्याची," मी बोलून गेले. "उठायचा आणि विचारायचा, वहिनी, ब्रेकफास्ट आहे का लंच?"

काकू हसल्या. खरंच हसल्या, तोंडावर हात घेऊन. आणि हसता हसता तो हात तसाच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "चकती पुढं फिरवली की वेळेवर येते?"

"हो."

"अन् त्याच्या खुंट्या?"

"त्या तशाच राहतात. फक्त चकती फिरते."

त्या उठल्या. चष्मा लावला. दोन बोटांनी चकती धरून कुरकुर आवाज करत वेळेवर आणली. मग वाकून बघत राहिल्या. "मेधा, त्याच्या नाही काढायच्या. पण त्याच्या बाजूच्या दाबल्या तर?"

"तर त्याचं पाणी झालं की तुमचं सुरू होईल."

त्यांनी सकाळच्या खुंट्यांना लागून काही खुंट्या दाबल्या, संध्याकाळच्यांना लागून काही. दरवेळी अंगठ्यानं जरा जास्तच जोर दिला. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघी तिथे होतो. पाणी सुरू झालं. अनिरुद्धचं पाणी जिथं संपायचं ते आम्हाला दोघींना कानानं पाठ झालं होतं. ती जागा आली, आणि पंप थांबला नाही. पुढे चालूच राहिला. काकूंनी माझा हात धरला आणि आल्यापासून पहिल्यांदा रडल्या, मोठ्यानं, पंतांसमोर, खोलीचं दार सताड उघडं. पंत तोवर पानाला जीभ लावून पीत होते. दुपारी मी आत गेले तर पानं कोरडी ठणठणीत होती आणि काकू कपाटातले त्याचे शर्ट काढून पलंगावर घड्या करत होत्या.

जॅकेट त्या घेऊन गेल्या. टायमर नेता आला नाही, तिकडची वीज वेगळी, आणि पंतांना तो हवा होता. निघताना पिंजऱ्याकडे बोट करून मला म्हणाल्या, "पोरी, तू घाबरतेस नं याला?"

"घाबरते. पण आता ओळख झालीय."

पुढे दर रविवारी फोन. पहिला प्रश्न एकच, "पंतांचं पाणी झालं?" आमची सकाळ ती त्यांची संध्याकाळ. एकदा सहज कळलं की त्याच वेळी त्या नागपूरला गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालतात. "इथं मी घालून राहिली, तिथं ते घालून राहिलं," म्हणाल्या. ते म्हणजे टायमर. इथली घड्याळं वर्षातून दोनदा एक तास इकडेतिकडे होतात, ते त्यांना पटायचं नाही. "वेळ काय अशी हलवता येते का?" पण हलली की मला आधी सांगायला लावायच्या आणि आपलंही पाणी एक तास हलवायच्या.

समीरला नोकरी लागली तेव्हा पंत गाडीच्या मागच्या सीटवर बसून आमच्याबरोबर कॅरीला आले. त्या हिवाळ्यानंतर सहा वर्षं काढून या वर्षी वसंतात म्हातारपणानं गेले, फांदीवरच, पाय घट्ट धरून. मी लगेच नागपूरला फोन केला. मला वाटलं होतं त्या कोसळतील. त्यांनी विचारलं, त्रास झाला का? नाही म्हटल्यावर विचारलं, "टायमर काढला?"

"नाही, काकू."

"नको काढू. घर कोरडं असते नं तुमचं."

म्हणून आता त्या चकतीवर हवेत ओल सोडणारं एक साधं ह्युमिडिफायर चालतं, आमच्या बसायच्या खोलीत. पंत नाहीत, अनिरुद्ध नाही, तरी उजाडताना 'टक्' होतं आणि घरात कुणीतरी उठल्यासारखं वाटतं. समीरही मान वर करतो. आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

परवा हीटरचा वास आला, आणि घड्याळंही मागे गेली. चकती एकाच दिशेनं फिरते. तिला एक तास मागे न्यायचं तर जवळजवळ पूर्ण फेरा पुढे फिरवावा लागतो. अख्ख्या दिवसातून तिला कुरकुरत नेलं, तिथल्या दबलेल्या खुंट्या बोटाखालून गेल्या, आणि फोन लावला.

"काकू, वेळ बदलली. आजपासून तुमचं एक तास उशिरा."

"म्हणजे हीटर लागला वाटते." मग म्हणाल्या, "मेधा, काल मी पाणी नाही घातलं."

"बरं नाही का?"

"बरी आहे गं. गच्चीवर गेली, कुंडीत बोट घालून पाह्यलं. माती ओली होती. मग नाही घातलं, खाली आली. भाजी निवडायला बसली." आवाज खाली गेला. "रात्री ध्यानात आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चालते नं, मेधा?"

"चालतं, काकू," म्हटलं.

माझ्यामागे 'टक्' झालं.

"सुरू झालं का?"

"हो."

"ठेवू नको."

मी फोन ह्युमिडिफायरजवळ धरला. अनिरुद्धच्या खुंट्यांचा वेळ गेला. पुढे काकूंच्या खुंट्यांचा सुरू झाला, तोही गेला. मशीन थांबलं आणि खोली गप्प झाली. नागपूरला कुठेतरी एक स्कूटर गेली.

"झालं," काकू म्हणाल्या. "आता सुकू दे."